पांढरं फूल येण्याआधी

गाजरगवत हे गवत नाही आणि गाजराशीही त्याचं काही नातं नाही. पानं गाजराच्या पाल्यासारखी कातरलेली दिसतात, एवढंच. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात ते सूर्यफूल, शेवंती, झेंडू यांच्या कुळातलं. हे कुळ लक्षात ठेवा, पुढे दोनदा कामाला येणार आहे.

आमच्या जळोचीत जुनी माणसं त्याला नुसतं 'काँग्रेस' म्हणतात. 'त्या मोकळ्या प्लॉटात काँग्रेस लई माजलीय' हे वाक्य बाहेरच्या माणसाने ऐकलं, तर त्याला वाटेल निवडणुकीची चर्चा चालली आहे. बारामतीत तर असा गैरसमज फारच सहज होईल.

दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट या दिवसांत देशभर गाजरगवत जनजागृती सप्ताह असतो. जबलपूरला केंद्र सरकारचं तण संशोधन संचालनालय आहे, ते हा सप्ताह भरवतं. मग गावोगावचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. मुलं रांगेत उभी, हातात मुळासकट उपटलेली झाडं, मागे बॅनर, बाजूला सर, सरपंच किंवा नगरसेवक. मी असे फोटो झूम करून बघते. दोन गोष्टी बघते. पहिली, मुलांच्या हातात हातमोजे आहेत का. दुसरी, झाडाला पांढरी फुलं आली आहेत का. बहुतेक फोटोंत पहिल्याचं उत्तर 'नाही' असतं आणि दुसऱ्याचं 'हो'.

ही दोन्ही उत्तरं उलटी असायला हवीत, हे आज-काल कळलेलं नाही. पन्नास वर्षांहून जास्त काळ ते माहीत आहे आणि दूर कुठे नाही, पुण्यात माहीत आहे. ते ज्ञान पुण्याहून शंभर किलोमीटरवरच्या शाळेच्या मैदानात का पोचलं नाही, हे शोधायचं तर या झाडाच्या इतिहासात थोडं मागे जावं लागतं.

शाळेपासून आपण ऐकलेली गोष्ट अशी: देशात धान्य नव्हतं, अमेरिकेने पीएल-४८० कायद्याखाली गहू पाठवला, त्या गव्हातून हे तण आलं, तेव्हा सरकार काँग्रेसचं होतं म्हणून ते काँग्रेस गवत. काही जण म्हणतात, पांढरं फूल गांधी टोपीसारखं दिसतं म्हणून ते नाव. दोन्ही गोष्टी सांगायला सोप्या आहेत. तारखा लावून बघितल्या की पहिली जरा अडखळते.

पीएल-४८० हा कायदा अमेरिकेत जुलै १९५४ मध्ये झाला. भारताशी त्याखालचा पहिला करार झाला २९ ऑगस्ट १९५६ ला. आणि त्याच १९५६ साली आर. एस. राव यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात पार्थेनियम हिस्टेरोफोरस ही भारतासाठी नवी नोंद म्हणून जाहीर केली. जागा पुणे. त्याच्याही आधी, १९५१ मध्ये, प्रा. परांजपे यांनी पुण्यातल्या कचऱ्याच्या ढिगांवर या झाडाचे तुरळक नमुने पाहिले होते. म्हणजे कराराची शाई वाळायच्या आधी हे झाड पुण्यात उभं होतं.

मग गहू निर्दोष का? तसंही नाही. १९५१ च्या जूनमध्ये अमेरिकेने भारताला धान्यासाठी १९ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं होतं आणि त्यातून सुमारे २० लाख टन धान्य येणार होतं. पीएल-४८० हे नाव आपल्या तोंडात बसलं, पण अमेरिकन धान्य त्याच्या आधीपासून येत होतं. आणि परांजप्यांना झाड सापडलं ते शेतात नाही, उकिरड्यावर. धान्य निवडून, चाळून उरलेली घाण जिथे टाकली जाते तिथे. माझं मत विचाराल तर गव्हाची गोष्ट पुष्कळ अंशी पटण्यासारखी आहे, फक्त तिच्यावर चुकीच्या कराराचं नाव चिकटलंय.

आणखी मागे गेलं तर वेगळीच गंमत आहे. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात कोणकोणती झाडं आहेत, याची विल्यम रॉक्सबर्गची यादी 'हॉर्टस बेंगालेन्सिस' या नावाने १८१४ मध्ये छापली गेली. त्या यादीत पार्थेनियमचं नाव आहे. ती छापून घेणारा माणूस म्हणजे सेरामपूरचा विल्यम कॅरी. ज्याने १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं, तोच. तेव्हा हे झाड बागेत हौसेने लावायची वस्तू होती. बागेत ते दीडशे वर्षं माजलं असं दिसत नाही. एखादं झाड परदेशातून येणं आणि ते तण होणं या दोन वेगळ्या घटना आहेत. मधे माणसाने काहीतरी करून ठेवलेलं असतं.

ऑस्ट्रेलियात बघा. क्वीन्सलँडमधल्या क्लेरमाँटजवळ हेच झाड पसरलं ते गव्हातून नाही, तर अमेरिकेतल्या टेक्सासमधून आणलेल्या कुरणाच्या गवताच्या बियाण्यातून. तिथे ते गुराढोरांच्या कुरणांत शिरलं. आपल्याकडे ते रेल्वेच्या रुळांच्या कडेने, रस्त्याच्या कडेने, नाल्यांतून आणि पडीक जागांतून गेलं. जबलपूरच्या संचालनालयाचा अंदाज आहे की आज देशात साडेतीन कोटी हेक्टरांवर हे पसरलं आहे.

पण मग बारामतीच्या माणसांना अमेरिकेच्या गव्हाची गोष्ट एवढी जवळची का वाटली? कारण इथे ते धान्य खरंच ताटात आलं होतं. तालुक्याचा अर्धा भाग नीरा डाव्या कालव्याखाली, १८८५ पासून पाणी पिणारा, आणि उरलेला जिरायत. जिरायत भागात सत्तरच्या आसपास पाझर तलावांची कामं झाली, त्यांतल्या मजुरीचा काही भाग 'कासा' या चर्चच्या संस्थेमार्फत आलेल्या धान्यातून दिला गेला. त्यानंतर १९७२ चा दुष्काळ. रेशनवर लाल मिलो, कामावर सुकडी. ज्यांनी ती मिलोची भाकरी खाल्ली त्यांनी त्याच वर्षांत बांधावर हे नवं झाड बघितलं. दोन्ही परके, दोन्ही एकदम आलेले. माणसाचं मन अशा दोन गोष्टींना लगेच गाठ मारतं.

जळोची या दोन पट्ट्यांच्या आणि गाव-शहराच्याही सीमेवर आहे. आता ते बारामती नगरपरिषदेत आहे. बाजार समितीचा उपबाजार इथे आहे, डाळिंब आणि भाजीपाल्याच्या गाड्या लांबून येतात. गाजरगवताचं बी एक-दोन मिलिमीटरचं, ते टायरच्या चिखलाला, पोत्याला, चपलेला चिकटून येतं. पण सगळ्यात जास्त ते कुठे दिसतं सांगू? प्लॉटिंगमध्ये. शेत विकलं जातं, जेसीबी फिरतो, मुरमाचे रस्ते होतात, कोपऱ्यांवर दगड रोवले जातात आणि मग दहा-दहा वर्षं त्या प्लॉटवर काहीच होत नाही. नांगर बंद, खुरपं बंद, गुरं बंद. उघडी केलेली आणि मग सोडून दिलेली माती, या झाडाला याहून चांगलं काही नको असतं. एक झाड पंधरा ते पंचवीस हजार बिया टाकतं. आजूबाजूच्या मातीत त्याच्या मुळांतून आणि पाल्यातून उतरणारी द्रव्यं दुसऱ्या झाडांचं उगवणं रोखतात. गाई सहसा तोंड लावत नाहीत, आणि चाऱ्यात मिसळून गेलंच तर दूध कडू लागतं.

आता त्वचेकडे येते. सगळ्यात महत्त्वाचा भाग तोच आहे.

पुण्यातले त्वचारोगतज्ज्ञ डॉ. लोणकर यांनी साठच्या दशकाच्या अखेरीपासून या झाडामुळे होणाऱ्या त्वचारोगाबद्दल लिहायला सुरुवात केली. १९७४ मध्ये त्यांनी मिचेल आणि काल्नन या परदेशी तज्ज्ञांबरोबर लिहिलेला सविस्तर लेख लंडनमधल्या त्वचारोगांच्या नियतकालिकात आला. झाडावरच्या बारीक केसांत पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं, ते मुख्य दोषी. याचं वागणं खाजकुइलीसारखं नाही. खाजकुइली लागली की तिथल्या तिथे कळतं. पार्थेनिनचा त्रास बहुतेकांना पहिल्या दिवशी होत नाही. शरीर आधी त्याची ओळख करून घेतं. काही आठवडे, काही महिने, कधी काही वर्षं. एकदा का शरीराने त्याला शत्रू ठरवलं की मग झाडाला हात लावायचीही गरज उरत नाही. वाळलेल्या पाल्याची धूळ वाऱ्यावर आली तरी पापण्या, मान, कोपराची आतली बाजू लाल होते, खाजते, कातडी जाड आणि काळपट होत जाते. काहींना दम्यासारखा त्रासही होतो. आणि इथे ते कुळ कामाला येतं. ज्याला गाजरगवत बाधतं त्याला शेवंतीही बाधू शकते. म्हणजे तण काढणारी बाई पुढे फुलांच्या तोडणीलाही जाऊ शकत नाही.

आता या वर्षांशेजारी आणखी दोन वर्षं ठेवते. १९६४ ते ६६ या काळात काम करणाऱ्या कोठारी आयोगाने शिफारस केली की 'कार्यानुभव' हा शालेय शिक्षणाचा भाग असावा, मुलांनी हाताने काम करावं. १९६९ मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांतल्या ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. दोन्ही कल्पना चांगल्या होत्या आणि आजही मला चांगल्या वाटतात. पण परिणाम काय झाला बघा. साठच्या दशकाच्या दुसऱ्या अर्ध्यात एका बाजूला लाखो कोवळे हात श्रमदानासाठी तयार होत होते. दुसऱ्या बाजूला पुण्याचा एक डॉक्टर लिहीत होता की या झाडाला हात लावू नका. हे दोन कागद एकाच टेबलावर कधी आले नाहीत.

रासेयोच्या श्रमसंस्कार शिबिरात कामं ठरलेली असतात: गावाची झाडलोट, शोषखड्डे, वृक्षारोपण आणि गाजरगवत निर्मूलन. पुढे २००० साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, गावांची स्पर्धा लागली, तपासणीला समिती येणार म्हटलं की अख्खं गाव बाहेर पडायचं. रस्त्याकडेचं गाजरगवत तर सगळ्यात आधी जायचं, कारण ते डोळ्यांना दिसतं. खड्डा खणायला वेळ लागतो, गाजरगवत अर्ध्या तासात ट्रॉलीभर निघतं आणि फोटोही चांगला येतो.

मी सहावीत होते तेव्हा शनिवारचा शेवटचा तास कार्यानुभवाचा. कोणाच्या गटाचा ढीग मोठा, अशी शर्यत असायची. शाळेचं नाव इथे महत्त्वाचं नाही, अशा शाळा भरपूर होत्या आणि सर मनाने चांगले होते. ते स्वतःही आमच्याबरोबर उपटायचे, तेही उघड्या हातांनी. एका मुलाच्या मानेवर पुरळ उठलं तर 'उन्हाने उठलंय, तोंड धू' असं सांगून त्याला सावलीत बसवलं. आमच्यापैकी बाकी कोणाला काही झालं नाही. आणि नेमकं हेच फसवं आहे. वर्षातून चार शनिवार झाडाला हात लावणाऱ्या मुलाला बहुधा काही होत नाही, म्हणून मोठ्यांना वाटतं की झाड निरुपद्रवी आहे. ज्यांना होतं त्या त्या फोटोत नसतात. त्या असतात शेतात, टोळीने खुरपणी करणाऱ्या बाया. माझी आई त्यांच्यातली. उसाच्या, कांद्याच्या, मक्याच्या वावरात वर्षाचे सात-आठ महिने. चाळिशीनंतर तिच्या मनगटापासून कोपरापर्यंत कातडी चामड्यासारखी झाली. आम्ही बरीच वर्षं त्याला खतांची ॲलर्जी समजत होतो. शेवटी एका डॉक्टरने पाठीवर पट्ट्या लावून तपासणी केली आणि विचारलं, 'काँग्रेस उपटता का?' आई हसली. तिला तो प्रश्न 'भाकरी खाता का' असा वाटला असणार.

कोणी म्हणेल, मग हाताने उपटायचंच कशाला? दुसरे उपाय झाले नाहीत असं नाही. कर्नाटकाने तर १९७५ मध्ये शेती कीड-रोग कायद्याखाली या झाडाला घातक तण म्हणून जाहीर केलं. झाड कायदा वाचत नाही, ते वाढतच राहिलं. १९८३ मध्ये बंगळूरच्या भारतीय फलोद्यान संशोधन संस्थेने मेक्सिकोतून एक भुंगा आणला, झायगोग्रामा बायकोलोराटा. आपल्याकडे त्याला मेक्सिकन भुंगा म्हणतात. पिवळट पांढरा, पाठीवर तपकिरी नागमोडी रेघा, उडदाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा. तपासण्या करून १९८४ मध्ये तो मोकळा सोडला. त्याच्या अळ्या आणि भुंगे दोन्ही पाला खातात, चांगली संख्या झाली तर झाडाच्या नुसत्या काड्या उरतात.

मग ते कुळ दुसऱ्यांदा आडवं आलं. १९९१ च्या सुमाराला कर्नाटकात काही ठिकाणी हा भुंगा सूर्यफुलावर दिसला. सूर्यफूल गाजरगवताचं भाऊबंद, तेव्हा शेतकरी घाबरले यात नवल नाही. चौकशी समिती नेमली गेली, भुंगे सोडणं काही वर्षं थांबलं. सूर्यफुलाला खरा धोका नाही, गाजरगवताचा पराग पानांवर पडला की भुंगा फसून तिकडे जातो, असं अभ्यासातून पुढे आलं आणि काम परत सुरू झालं. आज तो महाराष्ट्रातही पसरलेला आहे. जुलै-ऑगस्टमध्ये गाजरगवताची पानं उलटून बघा, तुम्हालाही दिसेल. त्याची मर्यादा एकच: कोरडे महिने आले की तो मातीत जाऊन झोपतो आणि पावसाने जागा होतो.

टाकळ्याचं बी फेकायचा सल्लाही कृषी खातं देतं. टाकळा दाट उगवला की गाजरगवताला जागा उरत नाही. पुण्याभोवती त्याच्याच नात्यातल्या कॅसिया युनिफ्लोरा नावाच्या झाडाने हे काम बऱ्याच ठिकाणी करून दाखवलं. फक्त तेही अमेरिकेहूनच आलेलं आहे आणि आता त्याचीच दाटी झालीय. एक पाहुणा घालवायला दुसरा बोलावला, तो जेवायला थांबला.

तर हात लागणारच आहेत. प्रश्न कधी आणि कसे एवढाच आहे, आणि इथे आमचा भाग वेगळा पडतो. बारामती पर्जन्यछायेत, वर्षाला पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर, त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात. वळवाच्या किंवा जूनच्या सरीनंतर बी उगवतं आणि महिना-दीड महिन्यात फुलावर येतं. म्हणजे १६ ऑगस्टला बॅनर लावेपर्यंत जूनचं झाड बी धरायला लागलेलं असतं. ते उपटून, खांद्यावर टाकून, गावभर मिरवत ट्रॉलीपर्यंत नेलं की आपणच पेरणी करतो. त्यात कालवा. आवर्तन सुटलं, चारी वाहिली, की काठाला पुन्हा नवी उगवण, अगदी फेब्रुवारीतही. कोकणातल्या किंवा विदर्भातल्या वेळापत्रकाने इथे चालत नाही.

इथे ज्यांना खरंच काम करायचं आहे त्यांना जुलैचा पहिला-दुसरा आठवडा धरावा लागेल. पाऊस पडून वाफसा आला की झाड मुळासकट सहज येतं, वीतभर असतं, फूल नसतं. कोपरापर्यंत रबरी मोजे, लांब बाह्या, हातात खुरपं. फुलाआधीचं झाड खड्ड्यात घालून चांगलं कंपोस्ट होतं. फूल आलेलं त्यात घालायचं नाही. ज्यांना आधीच ॲलर्जी आहे त्यांनी यायचंच नाही. भुंगा लागलेली झाडं दिसली तर ती उपटायची नाहीत, त्याला जेवू द्यायचं. लहान मुलांना काम द्यायचंच असेल तर पुष्कळ आहे. कोणत्या गल्लीत भुंगा दिसला, कोणत्या प्लॉटात पहिलं फूल कधी आलं, मागच्या वर्षी काढलेल्या जागेत परत किती उगवलं, हे ती मोठ्यांपेक्षा नीट मोजतील. आमच्या सहावीच्या वर्गाला ढिगाऐवजी हे मोजायला दिलं असतं तर आज जळोचीकडे वीस वर्षांची नोंदवही असती.

आणि प्लॉट. मुलं रस्त्याची कड साफ करतात, कारण रस्ता सगळ्यांचा. बी येतं ते मागच्या मोकळ्या प्लॉटातून, आणि तो कोणाचा तरी असतो. मालक पुण्यात, मुंबईत, कधी दुबईत. त्याने भाव वाढायची वाट बघायची आणि त्याच्या बिया इथल्या पोरांनी वेचायच्या, हा व्यवहार मला तरी श्रमदान वाटत नाही. वर्षातून दोनदा मजूर लावून, त्यांना मोजे देऊन प्लॉट साफ करून घेण्याचा खर्च त्या प्लॉटच्या किमतीपुढे चहा-पाण्याएवढा आहे. दगड रोवलाय तिथे नावही लिहिलेलं असतं. नोटीस कोणाला पाठवायची, हे शोधायला फार फिरावं लागणार नाही.

आई अजून खुरपणीला जाते. तिला मी रबरी मोजे आणून दिलेत, चांगले कोपरापर्यंतचे. सकाळी ती ते घालते. दुपारी उन्हात आत घाम साचतो, बोटं पांढरी पडतात, खुरपं निसटतं, मग ती ते काढून बांधावर वाळत घालते आणि संध्याकाळपर्यंत तशीच काम करते.